वॉकरवरची नंबरप्लेट

आयलीनं ओटोला बजावलं होतं, दोन खेपा कर. पण नऊ वर्षांच्या माणसानं दोन खेपा करायच्या म्हणजे इज्जत ती काय राहिली? त्यानं वायरींचं अख्खं खोकं कवेत घेतलं, आणि बंबखान्याच्या बरोबर दारात खोक्याचा तळ फाटला. वायरी, बटणं, स्क्रू, काचेचे व्हॉल्व्ह, सगळं शाळा सुटल्यासारखं चहूकडे पळालं.

"मी पाडलं नाही," ओटो लगेच म्हणाला. "खोकंच म्हातारं होतं."

"तुझ्याहून शहाणं होतं," मार्गो म्हणाली आणि टेबलाखाली रांगत स्क्रू वेचायला लागली. मार्गो कॅडॉट म्हणजे आयलीची जिवाभावाची मैत्रीण. रेडिओतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण सुट्टीत जिथे आयली तिथे मार्गो, आणि जिथे आयली-मार्गो तिथे शेपटासारखा आयलीचा धाकटा भाऊ ओटो.

दर जुलैत एका शनिवारी गावातले रेडिओवाले आगीचे दोन्ही बंब बाहेर गवतावर काढायला लावत आणि आत टेबलं मांडून जुन्या सामानाचा बाजार भरवत. सगळे हौशी लोक. परवाना काढून घरच्या तळघरात रेडिओ लावायचा आणि फिनलंड म्हणा, चिली म्हणा, जिथवर लहर पोचेल तिथल्या माणसांशी गप्पा मारायच्या. कोणी तोंडानं बोलून, कोणी कळ दाबत मोर्सच्या डिट-डाहमध्ये. वर्षातून एकदा इथे यायचं, आपलं भंगार विकायचं आणि दुसऱ्याचं घरी न्यायचं. आयलीची आजी, म्हणजे मुम्मू, म्हणायची की गावात भंगार तेवढंच राहतं, तळघरं तेवढी बदलतात.

या लोकांची आणखी एक गंमत होती. ते एकमेकांना नावानं फारसं ओळखतच नसत. परवान्याबरोबर प्रत्येकाला स्वतःची अक्षरं मिळत, त्याला कॉल साइन म्हणायचं. टोपीवर तीच, गाडीच्या नंबरप्लेटवर तीच, आणि हाक मारायलाही त्यातलीच शेवटची तीन. चेहऱ्याशी त्यांना देणंघेणं नसे. रेडिओत चेहरा दिसतो कुठे?

आयलीचे आजोबा, उक्की, बाहेर तंबूत रेडिओ घेऊन बसले होते. लांबून गाडीनं येणाऱ्यांना 'चर्चनंतर डावीकडे वळा' असं सांगत राहायचं, हे दरवर्षी त्यांचं काम. पोरांचं काम खोकी वाहायची, कॉफी ओतायची आणि चर्चच्या बायकांनी भाजून पाठवलेल्या मांस-बटाट्याच्या गरम पास्ट्या विकायच्या. ओटो विकत होता त्याहून खात जास्त होता.

कॉफीची किटली घेऊन फिरता फिरता आयली कोपऱ्यातल्या टेबलापाशी थबकली. या टेबलावर काळं कापड होतं, बरणीत डेझीची फुलं होती. मधोमध एक राखाडी रंगाचा देखणा रेडिओ होता आणि त्याला टेकवून एक पांढरं कार्ड. त्यावर लिहिलं होतं: 'डब्ल्यू-आठ-एक्सओपी. कळ शांत झाली.'

रेडिओवाला मेला असं ही माणसं कधी म्हणत नसत. कळ शांत झाली म्हणत. आणि मग गेलेल्याचं सामान क्लबची मंडळी स्वतः विकून देत, घरच्यांना कुणी फसवू नये म्हणून. रीत मोठी चांगली होती.

सकाळी उक्की याच टेबलासमोर टोपी हातात धरून उभे असलेले आयलीनं पाहिले होते. कोण होते हे, असं तिनं विचारलं, तेव्हा त्यांनी तुटक तुटक सांगितलं. एक्सओपी सरोवराच्या खाडीपलीकडे राहायचा. कित्येक वर्षं रोज सकाळी कॉफी गार होईपर्यंत दोघं मोर्समधून बोलत. भेट एकदाही नाही, या बाजारालाही तो कधी आला नव्हता. गेल्या शरदात तो एकाएकी गप्प झाला. उक्कींनी त्याच्या पत्त्यावर दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. मग क्लबच्या बातमीपत्रात त्याची अक्षरं छापून आली, काळ्या चौकटीत. हिवाळाभर उक्की तळघरात उतरायचे आणि लगेच वर का यायचे, ते आयलीला आत्ता कळलं. ती मोर्स शिकायला लागली वसंतात, तेव्हा ही सकाळची गप्पांची बैठक मोडून गेली होती.

पण थबकली ती त्यामुळे नव्हे. ती अक्षरं तिनं कुठेतरी पाहिली होती. किटली हातात धरून ती आठवत राहिली, आणि एका म्हाताऱ्याच्या कपातली कॉफी बशीत, बशीतली टेबलावर आणि टेबलावरची त्याच्या विजारीवर गेली.

"नंबरप्लेट!" आयली म्हणाली.

गावातल्या वृद्धाश्रमात आयलीची आई स्वयंपाकघर सांभाळायची. पोरं आईला भेटायला गेली की तिथले एक आजोबा ओटोवर हमखास ओरडायचे, "उजव्या बाजूनं चाल! रस्ता आहे हा!" शरदात घरी पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, गाडी विकावी लागली, पण गाडीची नंबरप्लेट त्यांनी कुणाला दिली नाही. ती त्यांनी तारेनं वॉकरला पुढे बांधली होती आणि त्या थाटात ते जेवायला यायचे. पेनहेल त्यांचं नाव. त्या प्लेटवर हीच अक्षरं होती.

तिघं बंबाच्या चाकाआड जमली. ओटोचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता उक्कींना सांगू. आयलीनं त्याची कॉलर धरली.

"आणि ते नसले तर? मेलेल्याची अक्षरं दुसऱ्याला मिळू शकतात. जुनी प्लेट कुणी बाजारातूनही आणू शकतं. उक्कींना एकदा वाईट वाटून झालंय, ओटो. खात्री झाल्याशिवाय त्यांना पुन्हा आशेला लावायचं नाही."

म्हणून आधी क्लबच्या अध्यक्षांना गाठलं. मिस्टर लुंडीन भले गृहस्थ होते, पण त्या दिवशी त्यांच्या एका कानाला फोन होता आणि दुसऱ्या कानाला वॉकीटॉकी. ऐकायला तिसरा कान नव्हता.

"बेटा, बातमीपत्रात छापून आलंय ते," ते म्हणाले.

"पण छापलं कुणी?"

"मीच."

मग बोलता बोलता सगळं बाहेर आलं. एक्सओपीचा कुणी पुतण्या दूर ॲरिझोनात होता. त्याचा फोन आला की काकांचं घर रिकामं करायचंय, तळघरातला रेडिओ तुम्ही घेऊन जा. माणूस महिनोन् महिने रेडिओवर बोललेला नाही, घर विकायला निघालेलं; लुंडीनांनी काय समजायचं ते समजून घेतलं. काका वारले का, असं तुम्ही विचारलंत का, असं आयलीनं विचारल्यावर ते दुखावले.

"असं कुणी विचारतं का? बरं दिसतं का ते?"

त्या टेबलावरची पितळी मोर्सची कळ तर पहाटेच गेली होती, दारं उघडायच्या आधी, विकणाऱ्यांच्या आपापसातल्या खरेदीत. राखाडी रेडिओभोवती आता चार-पाच जण माश्यांसारखे घोंगावत होते. त्यातला एक तर खिशात हात घालून उभा होता. रेडिओ गेला की गेला. इथे विकलेली वस्तू परत मागायची रीत नव्हती.

"तुम्ही दोघं जा," मार्गो म्हणाली. "रेडिओ इथून हलत नाही. माझ्यावर सोडा."

"तू काय करणार? तुला तर काही येत नाही यातलं."

"म्हणून तर," मार्गो म्हणाली, आणि त्या घोळक्यात शिरून अगदी भोळ्या चेहऱ्यानं तिनं विचारलं, "काका, अँटेनाची वायर उभी बांधलेली चांगली की आडवी?"

आयलीला पुढचं ऐकायची गरज नव्हती. उक्कींबरोबर वाढलेल्या मुलीला ठाऊक होतं की, रेडिओवाल्यांत हा प्रश्न टाकणं म्हणजे वाळल्या गवतात काडी टाकणं. ती आणि ओटो सायकलींपाशी पोचेपर्यंत आतून तिघांचे आवाज चढलेले ऐकू येत होते.

वृद्धाश्रमात पेनहेल आजोबा खिडकीपाशी बसले होते. समोर वॉकर, वॉकरवर प्लेट. डब्ल्यू-आठ-एक्सओपी. अक्षर न अक्षर तेच.

आयलीनं सायकलवर येताना मनाशी चार वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एकही आठवेना. तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही रोज सकाळी कुणाशी तरी बोलायचात का? रेडिओवर?"

त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "टोइवो नावाचा एक होता," ते म्हणाले. "कॉफी गार होईपर्यंत बोलायचो. मी इथे आलो, तेव्हा वाटलं होतं, विचारपूस करेल. चार ओळी टाकेल. हिवाळा गेला. लोक विसरतात. चालायचंच."

"त्यांनी दोन कार्डं पाठवली," आयली म्हणाली. "तुमच्या घरी. कुलूपबंद घरी." मग ती एक पाऊल पुढे आली. "मी त्यांची नात."

पेनहेल आजोबांनी मान वळवली. किती तरी वेळ ते तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत राहिले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की, चेहरा ओळखायला त्यांनी तो चेहरा कधी पाहिलेलाच नाही.

"राहतो कुठे तो?"

"ते काय, चर्चच्या मागे." चर्चचा मनोरा त्याच खिडकीतून दिसत होता. आजोबा हिवाळाभर त्याच्याकडे बघत बसले होते.

आयली पुढचं कसं सांगावं याचा विचार करत होती. ओटोनं तिचं काम सोपं केलं. "आणि तुम्ही मेलात म्हणून तुमचा रेडिओ विकतायत," तो म्हणाला. "फुलंपण ठेवलीयत."

आयलीनं डोळे मिटून घेतले. पण ओरडणं झालं नाही. आजोबांनी फक्त विचारलं, "किंमत काय लावलीय?" ओटोनं कार्डामागची चिठ्ठी वाचली होती, त्यानं सांगितली. तेव्हा मात्र आजोबा संतापानं लाल झाले. आपण मेलो याचं त्यांना तितकं वाटलं नव्हतं.

"एवढ्याशा किमतीत? माझा रेडिओ?" ते उठलेच. "कोट दे माझा."

आश्रमातून कुणी मोठ्या माणसानं सही केल्याशिवाय कुणाला बाहेर पडता येत नसे. आयलीनं स्वयंपाकघरात धाव घेतली. आई सूप ढवळत होती. तिनं सगळं ऐकलं, डाव मदतनिसाच्या हातात दिला, अ‍ॅप्रनला हात पुसले आणि सही करायला निघाली. जाता जाता एवढंच म्हणाली की, दोन माणसं हिवाळाभर एकमेकांसाठी झुरत होती आणि त्यातल्या एकाला मी रोज सूप वाढत होते, म्हणजे माझ्याही डोळ्यांची तपासणी करायला हवी.

बंबखान्यापाशी आईच्या गाडीतून उतरताना ओटोला अक्कल सुचली, वर्षातून एकदा सुचते तशी. त्यानं आपलं जाकीट काढून वॉकरवरच्या प्लेटवर घातलं. आत एकदम दिसलं, तर कुणाला झटका यायचा म्हणून.

बंबखान्यात आता विक्री अशी चाललीच नव्हती. सगळा बाजार कोपऱ्यात जमला होता. कुणी पास्टीच्या कागदावर आकृत्या काढत होतं, कुणी खुर्चीवर चढून हातवारे करत होतं. दोन जण आयुष्यात पुन्हा न बोलण्याच्या बेतात होते. मधोमध मार्गो पाय हलवत बसली होती, आणि भांडण जरा थंडावलं की, "पण मग पाऊस पडल्यावर?" असं काहीतरी विचारत होती. राखाडी रेडिओ जागच्या जागी होता.

पेनहेल आजोबांना वाट मिळाली. कुणी त्यांना ओळखलं नाही. यातल्या निम्म्यांशी ते वर्षानुवर्षं बोलले होते. मिस्टर लुंडीन अदबीनं पुढे झाले.

"रेडिओ बघायला आलात? चांगली वस्तू आहे. चांगल्या माणसाची आहे."

"असं?" आजोबा म्हणाले. "कसा होता माणूस?"

मार्गोचे पाय हलायचे थांबले.

लुंडीनांनी वॉकीटॉकी खाली ठेवली, सकाळपासून पहिल्यांदाच. कान होते त्याला, ते म्हणाले. एकदा सरोवरावर वादळ झालं, आम्हा कुणाला खरखरीपलीकडे काही ऐकू येत नव्हतं, तेव्हा एका भरकटलेल्या नावेची हाक यानं पकडली आणि मदत येईपर्यंत त्या लोकांना पहाटेपर्यंत धीर दिला. कुणाला सांगितलंसुद्धा नाही, आम्हाला ते वर्तमानपत्रातून कळलं. नव्या पोरांशी इतकं सावकाश बोलायचा की, त्यांना आपण हुशार आहोत असं वाटावं. आजूबाजूच्या माना हलत होत्या. भांडण विरून गेलं होतं.

"हट्टी मात्र भयंकर," लुंडीन म्हणाले. "वायर आडवीच बांधायची म्हणून अख्खा एक हिवाळा माझ्याशी भांडला."

"आणि बरोबर कोण होतं?"

लुंडीनांनी फुलांकडे पाहिलं. "तोच," ते म्हणाले. "पण मी त्याला कधी सांगितलं नाही. राहून गेलं."

"आत्ता सांगितलंस," पेनहेल आजोबा म्हणाले, आणि त्यांनी वॉकरवरचं जाकीट उचललं.

लुंडीनांनी प्लेट वाचली. मग कार्ड वाचलं. मग पुन्हा प्लेट वाचली. मग ते जवळच्या खुर्चीत बसले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ते हसत होते की रडत होते, ते आयलीनं पाहिलं नाही, कारण ती तंबूकडे धावत सुटली होती.

"उक्की, आत चला. एक्सओपी आलाय."

उक्कींनी कानावरचा हेडफोन खाली घेतला. "सामान कधीच आलंय, बाळ."

"सामान नाही. माणूस."

उक्की धावलेले आयलीनं कधी पाहिले नव्हते. आजही ते धावले नाहीत, पण चालताना त्यांची टोपी पडली आणि त्यांनी ती उचलली नाही.

दोन्ही आजोबा समोरासमोर आले. सगळे वाट बघत होते. उक्कींनी हात पुढे केला, पेनहेलनी तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"तू उंच आहेस," पेनहेल म्हणाले.

"हो," उक्की म्हणाले.

बस, एवढंच. मग दोघं बाकावर शेजारी शेजारी बसले आणि मिठाची गुळणी धरल्यासारखे गप्प. ओटोनं दोघांना एकेक पास्टी आणून दिली, ती त्यांनी मुकाट्यानं खाल्ली. ओटोला हे काही पटेना. एवढ्यासाठी आपण सायकली हाणल्या का, असं त्यानं मार्गोला विचारलंसुद्धा.

मिस्टर लुंडीनांनी मात्र आपली चूक झाकली नाही. ते स्वतः तंबूत गेले आणि रेडिओवरून, सगळ्या जिल्ह्याच्या कानावर घालत म्हणाले की, डब्ल्यू-आठ-एक्सओपी जिवंत आहे, त्याला मारलं ते मी, आणि आज पहाटे ज्यानं त्याची पितळी कळ नेली, तो ऐकत असेल तर त्यानं उलटं फिरावं. तो ऐकत होता. गाडीत रेडिओ नसेल तर तो रेडिओवाला कसला? हायवेवरच्या पेट्रोल पंपावरून तो फिरला आणि अर्ध्या तासात हातात अर्धवट खाल्लेला डोनट घेऊन दारात हजर झाला. कळ त्यानं रुमालात गुंडाळून आणली होती.

एक पेच राहिला. रेडिओ आश्रमातल्या खोलीत लावायचा होता, आणि व्यवस्थापकबाईंचा नियम होता की, छपरावर अँटेना चालणार नाही. पेनहेल आजोबांनी तेवढं ऐकूनच हिवाळ्यात हाय खाल्ली होती. मार्गोनं विचारलं, नियम छपराचा आहे ना? खिडकीबाहेरच्या मेपलच्या झाडाचा नाही? बाईंनी नियम काढून वाचला. झाडाचा नव्हता. मग ओटोनं मासे धरायच्या दोऱ्याला बांधलेलं शिसं बेचकीनं असं नेमकं फांदीवरून पलीकडे भिरकावलं की, खाली उभ्या रेडिओवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दोऱ्यामागून वायर वर गेली. उभी बांधायची की आडवी, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. लुंडीन शिडी धरून उभे होते. त्यांनी तीनदा म्हटलं की, पोरांनो, तुम्ही नसतात तर मी जन्मभर स्वतःला तोंड दाखवू शकलो नसतो, आणि शेवटी व्यवस्थापकबाईंनी तिघांनाही आइस्क्रीम दिलं.

संध्याकाळी आयली तळघरात उक्कींच्या शेजारी बसली होती. उक्कींनी रेडिओ लावला. खरखर, आणि मग खरखरीतून वर येणारे डिट-डाह, स्वच्छ, सावकाश, अगदी नव्या पोराशी बोलावं तसे. आयली एकेक अक्षर जुळवत गेली. ती वाक्यं तिच्यासाठीच होती. तुझी नात आणि तिचे दोन साथीदार, पेनहेल सांगत होते, यांच्या हाती मी आज जिवंत झालो. असले कान आणि असली डोकी क्लबात असती, तर मी मेलोच नसतो. तिला सांग, परवान्याच्या परीक्षेला बस. मी शिकवीन.

आयलीचे कान तापले. ती काही बोलणार, एवढ्यात डिट-डाहचा वेग वाढला. पेनहेल आता तिच्याशी बोलत नव्हते. उक्कींची बोटं उत्तर देत होती, पुन्हा तिकडून, पुन्हा इकडून; दुपारभर जे दोघं एका बाकावर बसून दोन वाक्यांपलीकडे गेले नव्हते, ते आता एकमेकांना श्वास घेऊ देत नव्हते. वरून मुम्मूनं जेवायला हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग ती स्वतः जिन्यापर्यंत आली, थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि ताटं झाकायला परत गेली.

मध्येच तिकडून एक छोटंसं वाक्य आलं. आयलीला त्यातली दोनच अक्षरं पकडता आली. उक्कींचा हात कळेवर थांबला. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा पुसला.

"काय म्हणाले?" आयलीनं विचारलं.

"काही नाही," उक्की म्हणाले. "हवेबद्दल सांगत होता."